शेवटचे पान पोटात गेल्याबाबत

प्रति,
मा. पुस्तक वितरण अधिकारी,
शालेय वाचन योजना कक्ष, पश्चिम उपनगरे, मुंबई.

अर्जदार : सगुणा लहू कोळी, अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, खाडीकाठ शाळा, मनोरी.

विषय : इयत्ता सातवीस एकाच पुस्तकाच्या छत्तीस आख्ख्या प्रती तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : 'नमुना प्रत विद्रूप केल्याने शाळा योजनेतून का वगळू नये', हे आपले पत्र, दि. ११ जुलै २०२५.

महोदय,

सविनय सादर करते की, मी मासळी विकते, मला लिहितावाचता येत नाही. अर्ज मी सांगते आहे, नात विनिता लिहिते आहे. तिचा ओठ शिवलेला आहे, हात धड आहे.

१. सगळ्या वर्गाने एकच पुस्तक एकत्र वाचायचे, अशी आपली योजना. पटावर मुले छत्तीस, पुस्तक आले एक. सोबत चिठ्ठी, की छत्तीसही जणांनी वाचल्याचा अहवाल आठ दिवसांत पाठवा, मग उरलेली पस्तीस देऊ. वा रे वा! आधी ढेकर द्या, मग ताट वाढू.

२. त्या दिवशी श्रुतिका बाई सर्वेक्षणाच्या ड्युटीवर होत्या. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणून वर्गावर मी बसले. पाकीट फोडताच मुलांनी झडप घातली, प्रीतमचे नाक फुटले. सबब मी घरून कोयती आणि मासळी कापायचा ओंडका आणला, पुस्तक त्यावर ठेवले आणि एका घावात त्याची शिवण उडवली. पाने निघाली बरोबर छत्तीस. मासळीचे घालतो तसे ओळीने वाटे घातले. विनिताही याच वर्गात, आणि रीतीप्रमाणे घरचा वाटा शेवटी. मासळीत शेवटी उरतो तो चुरा. पुस्तकात शेवटचे पान म्हणजे पापलेट, हे मला अडाणीला कसे कळावे?

३. मुलांनी आपापले पान मोठ्याने वाचले. गोष्ट एका मुलीची, एकटी होडीत, ओहोटी लागलेली. झकास रंगली होती साहेब, मीही तोंडाला पदर लावून ऐकत होते. पस्तिसावे पान अक्षताचे, त्यात दोर तुटतो. पुढचे विनिताकडे, तिने ते मनात वाचून ठेवले होते. कोणीतरी ओरडले, अध्यक्षांच्या नातीलाच बरा शेवट मिळाला! झाले. सगळा वर्ग तिच्यावर पडला. कंपासची टोके, बाकाची फळी, लाथा, बुक्क्या. पान फाटू नये म्हणून तिने ते दातांत धरले, जाळे शिवताना सुतळी धरतो तसे. अक्षताने तोंडात हात घातला. विनिताने दात आवळले. अक्षताच्या करंगळीचे पेर तुटले आणि पान गिळले गेले. पहिलीपासून दोघी एका डब्यात जेवत, हे नोंदवून ठेवते.

४. अक्षताची आई सोनूबाई धावत आली, तिने बाकाच्या फळीने विनिताचा ओठ फाडला. मी ओंडका फेकला, तिचे मनगट मोडले. मला लाज वाटते आणि राग अजून गेलेला नाही. संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यात दोन तट पडले, चार डोकी फुटली, दोघांची जाळी कापली. पोलीस विचारतात, भांडण कशावरून? पुस्तकावरून म्हटले की हसतात.

५. विनिता दवाखान्यात जाऊन अक्षताला शेवट सांगून आली. अक्षता म्हणते, खोटारडी. वर्गही तेच म्हणतो, शाळेत आलीस तर दुसरा ओठ फाडू. पोर घरात बसून आहे. ती खरी की खोटी, ते फक्त आपल्या कपाटातल्या पुस्तकांत लिहिलेले आहे.

तरी छत्तीस प्रती द्याव्यात. आता वाटे नकोत. वगळायचेच असेल तर मला वगळा, शाळेला नको. आठ दिवसांत पुस्तके आली नाहीत, तर मी मार्वेची फेरीबोट धरून कोयतीसह आपल्या कार्यालयात येईन. ही धमकी नाही, पूर्वसूचना आहे.

आपली, जमेल तितकी नम्र,
सगुणा लहू कोळी (डाव्या हाताचा अंगठा)
मनोरी, दि. १६ जुलै २०२५

सोबत : पाने पस्तीस, पैकी नऊ रक्ताने डागाळलेली. छत्तिसावे सादर करता येत नाही.

ता.क. हे आजीने सांगितलेले नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून लिहिते. मी अक्षताला खोटेच सांगितले. तिचा हात बघितला आणि म्हटले, मुलगी परत आली. पुस्तकात ती परत येत नाही. तरी पुस्तके पाठवा. अक्षता शेवटचे पान उलटेल तेव्हा मला तिच्या शेजारी बसायचे आहे. मग तिने मारले तरी चालेल. — विनिता