प्रश्नकर्त्याची पुनरुक्ती

दि. १२ नोव्हेंबर

ती. ताईस,

गुडघ्यांनी घालून दिलेल्या मर्यादेत साष्टांग नमस्कार. येथे सर्व क्षेम. भावजींचा रक्तदाब आणि तुझा स्वभाव, दोन्ही नियंत्रणात असावेत.

आमच्या विभागात कृत्रिम बुद्धिमत्तेचे आगमन झाले आहे. (नैसर्गिक बुद्धिमत्तेची प्रतीक्षा पूर्ववत चालू आहे.) निवृत्त परिचारिकांच्या मुलाखती कानाला हेडफोन लावून, वाक्यावाक्याला मागे जाऊन उतरवण्याची जी हमाली मी वर्षानुवर्षे ‘संशोधन’ या भारदस्त नावाखाली केली, ती हे यंत्र माझा चहा होईपर्यंत उरकते. वर गोषवाराही देते. मी कृतकृत्य होतो.

परवा एका मुलाखतीच्या गोषवाऱ्याखाली एक टीप आली: प्रश्नकर्त्याने एकच प्रश्न तीनदा विचारला आहे.

यंत्राच्या या औद्धत्याने मी क्रुद्ध झालो. विभागप्रमुखांना खरमरीत तक्रार लिहायला घेतली आणि पुराव्यादाखल मूळ ध्वनिमुद्रण ऐकले.

विचारला होता. तिन्ही वेळा, त्याच उत्साहाने.

प्रथम त्या परिचारिका बाईंनी नोकरीच्या पहिल्या दिवसाची सगळी हकीकत सांगितली. दुसऱ्यांदा हसल्या, “अहो सर, मघाशीच सांगितलं की!” तिसऱ्यांदा हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “सर, तुमच्या घरी कोण कोण असतं?” मी तो शिष्टाचार समजून सविस्तर माहिती पुरवली, तुझ्यासकट.

मग जुन्या मुलाखती आणि यंदाच्या उतरवायच्या राहिलेल्याही यंत्राच्या स्वाधीन केल्या. गेल्या वर्षीपर्यंतच्या निष्कलंक आहेत. यंदाच्या बहुतेकांखाली तीच टीप. स्वतः उतरवत बसलो असतो, तर हे केव्हाच कानी पडले असते.

ताई, आईचेही असेच सुरू झाले होते ना? तेव्हा तिच्याजवळ तू होतीस. मी परगावी विद्वान होत होतो. तिचे वय काय होते, ते मला आठवत नाही. आणि ‘आठवत नाही’ हे शब्द लिहिताना हल्ली हात थबकतो.

गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुझ्या भावजयीला दंतवैद्याकडे जातो असे सांगितले आहे. एकटा गेलो, तर डॉक्टरांना यथेच्छ हसवून परत येईन; ती विद्या मला अवगत आहे. तू शेजारी बसलीस की खरी उत्तरे द्यावी लागतील.

बुधवारीच ये.

तुझा,
अद्याप सर्वांना नावानिशी ओळखणारा,
धाकटा