तिसऱ्या रांगेतली चूक

३ जून, सकाळ
आज या घरात एका संशोधकावर अन्याय झाला, त्याची नोंद राहावी. माझ्या बायकोने, राजेश्रीने, टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला. मला न विचारता. मी तीव्र निषेध नोंदवला. ती म्हणाली, घड्याळाला निदान काम तरी असतं.

रिमोट नाही म्हणजे 'मूकनगर' थांबवता येत नाही. म्हणजे संशोधन ठप्प. चाळीस वर्षांपूर्वीचा हा सिनेमा, आमच्या पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये काढलेला. हुकूमशहाचं शहर. माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. कुणी कुणाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. जाणकार याला क्लासिक म्हणतात. मी त्यातल्या चुका काढतो आहे.

अठ्ठावीस तारखेला परभणीच्या चित्रपट मंडळात या सिनेमाची साफसूफ केलेली नवी प्रत दाखवणार. आधी माझं भाषण. अध्यक्ष दिनकरराव म्हणाले, पाच मिनिटं बोला. मी पाऊण तासाची तयारी ठेवतो आहे. लोकच खाली बसू देणार नाहीत.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अभ्यास.

४ जून
साडेआठला उठलो. पहाटे डोळे ओले असतात, बारकावे निसटतात. संकल्पात दुरुस्ती: रोज संध्याकाळी.

५ जून
स्वखर्चाने सेल आणले. चुकांचा नुसता पाऊस. नायकाच्या हाताला पट्टी, पुढच्या शॉटला हात साफ, मग पुन्हा पट्टी. भादरलेल्या कैद्याला क्षणात झुलपं. हुकूमशहाचं प्रेत उचलतात आणि नंतर तो चहा पितो! एवढी वर्षं समीक्षक काय झोपा काढत होते?

माझी प्रत मोबाईलवाल्या भुजंगने इकडून तिकडून तुकडे मिळवून पेनड्राईव्हवर जोडून दिली. म्हणाला, "सर, फुल पिक्चर हाय, काळजीच करू नका."

८ जून
आज शिखर गाठलं. सभेचा सीन. बाकांवर नंबरवाले नागरिक दगडासारखे बसलेले. हलला तो मेला, असा कायदा. एवढ्यात म्हातारा कैदी येतो, आणि तिसऱ्या रांगेतला एक इसम चक्क सरकतो! वर बाकावर हात थोपटून, बसा की, असं दाखवतो. म्हातारा मान डोलावून बसतो.

हुकूमशाहीत जागा देतोय! ताडकळसच्या एसटीत बसलाय काय हा? गावातली माणसं एक्स्ट्रा म्हणून घेतली की हेच होणार. एका खेडवळ सवयीने अख्ख्या सिनेमाचं तत्त्वज्ञान बाकावरून खाली पाडलं.

नवी प्रत करणाऱ्या लॅबने आवाहन केलं होतं: जुन्या प्रतीतले ओरखडे, डाग आढळल्यास कळवा. ओरखडे कोणीही कळवेल. मी चुका कळवल्या. इंग्रजीत. ही एक ठळक अक्षरांत: "हा इसम पुसून टाकावा."

११ जून
लॅबमधल्या वैष्णवी नावाच्या मुलीचं उत्तर. बाकीच्या चुका त्यांच्या प्रतीत नाहीतच म्हणे. तुमच्या कॉपीत भाग मागेपुढे जोडले गेले असावेत म्हणे. आजकालच्या पोरांना निरीक्षण कशाशी खातात ते माहीत नाही.

पण बाकावरचा इसम मान्य! निर्मात्याच्या मुलाने होकार दिला. याच आठवड्यात पुसणार. म्हणजे एका क्लासिकवर माझा हात फिरणार. राजेश्रीला सांगितलं. ती म्हणाली, हात फिरवायचाच तर पंख्यावर फिरवा.

१३ जून
सासूबाई, म्हणजे पार्वतीबाई, पूर्णेहून आल्या आहेत. दोघींसमोर भाषणाची तालीम केली. पुरावा म्हणून बाकाचा सीन लावला.

सासूबाई पापड लाटत होत्या. लाटणं थांबलं. म्हणाल्या, "जावाईबापू, मागं घ्या जरा." घेतलं. "आनखी." घेतलं. मग म्हणाल्या, "अगं राजे, हे तुझे दादा हायती."

दादा म्हणजे माझे सासरे, किशनराव. रेल्वेत होते. मी शिनेमात काम केलंय, असं जन्मभर सांगायचे आणि सगळे हसायचे. मी तर जास्तच. सिनेमा पूर्णेत कधी लागला नाही. त्यांचा घरात एकच फोटो आहे, लग्नातला, त्यातही फेट्याखाली नुसता घाबरलेला चेहरा.

"असेच सरकायचे बघ," सासूबाई म्हणाल्या. "गाडीत सोता दांडीला टेकायचे अन् दुसऱ्याला म्हणायचे, बसा की."

राजेश्री टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. पापडाच्या लाट्या वाळून गेल्या.

लॅबच्या मेलचा विषय काढला नाही. पाहुणे असताना तांत्रिक गोष्टी बोलू नयेत.

१४ जून
लॅबला मेल: सदर इसम असू द्यावा. कारण: सखोल पुनर्विचार.

१५ जून
उत्तर नाही. राजेश्रीने सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं. मला विचारते, नव्या प्रतीत दादा अजून स्वच्छ दिसतील ना? म्हटलं, स्वच्छतेचंच काम चालू आहे.

१७ जून
वैष्णवीचा फोन. म्हणाली, "सर, ते शुक्रवारीच झालं. प्रत निर्मात्यांकडे गेली. आता पुन्हा उघडता येणार नाही." मी जरा आवाज चढवला. ती म्हणाली, "पण सर, ठळक अक्षरांत तुम्हीच लिहिलं होतं ना?"

तेच तिने मेलवरही कळवलं. घरी सांगणार आहे. गुरुवारी नक्की.

१९ जून, गुरुवार
सासूबाईंचा उपवास. रिकाम्या पोटी माणसाला असं काही सांगू नये. उद्या.

राजेश्रीने लाईट बिल भरायला माझा लॅपटॉप घेतला. मेल उघडाच होता. पण इंग्रजी पत्रव्यवहारात तिला रस नाही.

२४ जून
अजून सांगितलं नाही. त्याऐवजी पक्का प्लॅन: बाकाचा सीन यायच्या जरा आधी सासूबाईंना चहाला बाहेर न्यायचं. राजेश्रीच्या डोळ्यांसमोर पर्स पाडायची. काम फत्ते.

२८ जून, दुपार
दैव बाजूने! राजेश्री म्हणाली, "तुमी जा. आमी बघितलंय." सासूबाईंनाही थांबवून घेतलं. डोकंबिकं दुखत असेल. प्लॅनची गरजच उरली नाही.

२८ जून, संध्याकाळ
भाषण झालं. पाच मिनिटांतच दिनकररावांनी माईक घेतला. मग सिनेमा. नव्या प्रतीत पट्टी जखमेनंतरच येते आणि शेवटपर्यंत राहते. हुकूमशहा आधी चहा पितो, मग मरतो. पुढच्या रांगेतला एकजण दर थोड्या वेळाने वळून माझ्याकडे बघत होता.

मग बाकाचा सीन. तिसऱ्या रांगेत कुणीच नाही. म्हातारा येतो. रिकाम्या बाकाकडे बघतो. हसून मान डोलावतो. बसतो.

सगळं सभागृह हसलं. दिनकरराव माझ्या कानाशी म्हणाले, "अहो, ही केवढी चूक! ही कशी सुटली तुमच्या नजरेतून?"

मी म्हणालो, बघायला हवी.

३० जून
भुजंगच्या दुकानात गेलो. म्हटलं, त्या जुन्या कॉपीतला एक तुकडा सासूबाईंच्या मोबाईलवर टाकून दे. कोणता ते सांगायच्या आतच तो म्हणाला, "बाकड्यावरचा ना? ताईंनी मागच्याच आठवड्यात नेला की. मावशींच्या फोनवर बी टाकला. लय येळ बसल्या होत्या इथं दोघी, बघत."

काही बोलली का, विचारलं.

"म्हणल्या, नवीन पिक्चरमधी न्हाईत ते. अन् पैसे सर देतील म्हणल्या."

किती, विचारलं. दीडशे म्हणाला. दिले.