परत फिरायची वेळ

जुळे सोलापूर,
१ एप्रिल २०२५

ती. गोदाअक्कास, कमलाकरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं हेच बरं. इथे पारा एकेचाळीसवर आहे. महानंदा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन शेंगाचटणी कुटते आणि मी खुर्चीत बसून बर्फात आहे. सध्याच्या पुस्तकात दोघे गिर्यारोहक वादळामुळे सात दिवस तंबूत अडकलेत. खऱ्या माणसांनी खरंच भोगलेलं, त्यामुळे वाचवत नाही आणि खाली ठेववतही नाही. काल एकाच्या पायाची बोटं काळी पडली, तेव्हा मी पंखा बंद करायला सांगितला. तुझ्या भावजयीचं म्हणणं, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं कारकुनी करताना यांना एक जिना चढला की चहा लागायचा, आणि आता बघा.

येत्या ११ तारखेला तू सोलापुरात सात रस्त्याला कानाच्या डॉक्टरांकडे येणार आणि जाताना रिक्षा आमच्या दारात थांबवणार, हे वाचून फार बरं वाटलं. तुला दम्यामुळे तीन मजले चढायची मनाई, इथे लिफ्ट नाही, आणि दिवाळीत जिन्यात पडल्यापासून मी खाली उतरलेलो नाही. तेव्हापासून आपली भेट नाही. तर आता मीच उतरणार.

मोहीम आखली आहे. पायऱ्या चौपन्न. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्यावर एकेक खुर्ची, म्हणजे आपले तळ. पहिल्या मजल्यावरच्या नूरबी चहा घेऊन थांबणार आहेत. शिवाय गिर्यारोहकांचा एक नियम पाळणार आहे. परत फिरायची वेळ आधीच ठरवायची, आणि ती झाली की शिखर चार हातांवर असलं तरी वळायचं. न वळणारे बहुतेक उतरताना गेले. मी अकराला निघेन. परत फिरायची वेळ साडेअकरा.

लोभ आहेच, तो घेऊन खाली उभी राहा.

तुझा,
कमलाकर

कुर्डुवाडी,
१३ एप्रिल

चि. कमलाकर यास, अक्काचे अ. उ. आ. हे सवयीने लिहिले. मनात राग आहे.

मी आणि सूनबाई देवयानी पावणेबारापर्यंत रिक्षात बसून होतो. शेवटी महानंदा खाली आली आणि मान खाली घालून म्हणाली, की दुसऱ्या मजल्यावर साडेअकरा वाजले म्हणून ते वळले. रिक्षावाला विचारत होता, पेशंट कुठला, वरचा की खालचा. त्याला काय सांगू? तुझ्यासाठी केलेली धपाटी त्यालाच दिली. त्याला आवडली.

अरे, तू वळलास ते कशापासून? खाली वादळ नव्हतं, मी होते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही. ते पुस्तक मला पाठव, बघते काय आहे त्यात एवढं. २ मेला कानाचं मशीन घ्यायला पुन्हा यायचं आहे. तुझ्या दारात थांबायचं की नाही, ते तुझ्या उत्तरावर.

महानंदाला आशीर्वाद. तुझ्या वाट्याचे उत्तर आल्यावर.

अक्का

जुळे सोलापूर,
१६ एप्रिल

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

पुस्तक सोबत आहे. आता खरं सांगतो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. बावीस मिनिटं मी त्या खुर्चीत बसून साडेअकरा वाजायची वाट बघत होतो. तिथून खाली उतरताना अकराव्या पायरीचा कोपरा फुटलेला आहे. दिवाळीत तिथेच पडलो. महानंदा बाजारात, नूरबी माहेरी. पाऊण तास एकटा पडून होतो. हे तुला कळू दिलं नाही.

त्या पुस्तकांत काय आहे म्हणतेस, तर भीती आहे, पण दुसऱ्याची. तो जिवंत परतणार हे मला पहिल्या पानापासून माहीत असतं, कारण पुस्तक त्यानेच लिहिलेलं असतं. माझ्या जिन्याचं पुस्तक अजून कुणी लिहिलेलं नाही.

मला भीती वाटते, अक्का. महानंदालाही हे बोललो नाही.

रागातून काही लोभ उरला असेल तर तेवढा पाठव.

कमलाकर

कुर्डुवाडी,
२३ एप्रिल

चि. कमलाकर यास अ. उ. आ.

भिंग घेऊन पाच दिवसांत संपवलं. दोनदा भाजी करपली. सूनबाई म्हणाली, अक्का पण गेल्या डोंगरावर. सगळ्यांचं सामान वाहतो आणि चहा करतो त्या माणसाला दोनच ओळी दिल्यात, हे मात्र मला आवडलं नाही.

पण तू वाचलंस ते नीट नाही वाचलंस. त्या दोघांना पानापानावर भीती वाटते, आणि तसं ते एकमेकांना सांगतात. एकटा तर कुणीच उतरत नाही. दोराचं दुसरं टोक कुणाच्या तरी कमरेला असतं की.

मी डॉक्टरांना विचारलंय. एक मजला चालेल, मधे बसत बसत. २ मेला मी अकराला नूरबीच्या दारात बसलेली असेन. तुझ्या खुर्चीपासून माझ्या खुर्चीपर्यंत अठरा पायऱ्या. घड्याळ घरी ठेवून ये.

अक्का

जुळे सोलापूर,
२७ एप्रिल

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

घड्याळ महानंदाकडे दिलं. तिला सगळं सांगितलं. पुस्तक आठवणीने आण, शेवट पुन्हा वाचायचा आहे.

कमलाकर

कुर्डुवाडी,
४ मे

चि. कमलाकर यास अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचले. तू वर नीट पोचलास ना, ते कळव. उतरताना माणसं जातात म्हणून जगाला सांगणारा तू, आणि परत वर कसं चढायचं हे आखायलाच विसरलास. नूरबीने चार वाजेपर्यंत दोघांना ठेवून घेतलं, जेवायला घातलं, म्हणून निभावलं. तिच्या खिम्याला मी हात लावला नाही, पण तू दोनदा घेतलास, ते पाहिलं.

एक तिथे बोलता आलं नाही. मशीन कानात घालून तासच झाला होता. हॉर्न, शिट्ट्या, सगळं डोक्यात घुसत होतं. नूरबीच्या दारात बसले आणि तिला म्हटलं, जरा बोलू नको. मग वरून तुझी काठी ऐकू आली. मी मोजत होते. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. चहा निवला. देवयानी वर जाऊन बघते म्हणाली, तिला हात धरून बसवलं. वाटलं, गेला हा परत. पण काठी वर जाताना काही ऐकू आली नाही. पुष्कळ वेळाने ती खालच्या पायरीवर वाजली, मग पुढच्या. अकराव्या पायरीवर तुझा श्वाससुद्धा ऐकला. कान गेल्यापासून चार वर्षांत तुझा आवाज माझ्या कानी पडला नव्हता, त्याआधी श्वास पडला. मला रडू आलं ते त्यामुळे, दम्यामुळे नाही.

आता फोनवर ऐकू येईल. तरी पत्र लिहीत जा. फोनवर तू नुसतं बरं आहे म्हणशील.

आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

अक्का