पाळणाघरातल्या मावशींचे वकीलपत्र

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय फौजदारी वकिली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलेही नाही.

१. कायद्याची पुस्तके व काळा कोट मुलाला. तोही वकील आहे. "बाबा, नियमाबाहेर तुम्ही काही केलं नाहीत, किती दिवस स्वतःला खात बसणार?" असे तो म्हणतो. त्याचे बरोबर आहे, म्हणूनच मी त्याच्याशी बोलणे टाळतो. घरात त्याला हिस्सा नाही.

२. राहते घर, माझी स्वकष्टार्जित मिळकत, मावशींच्या मुलीला. त्याचे कारण नोंदवणे भाग आहे.

मावशी पाळणाघरात मुले सांभाळत. एक दिवस त्यांच्या हातात पाच महिन्यांच्या बाळाचे मांडीचे हाड मोडले. एक्स-रेत आधीची दोन मोडलेली हाडेही दिसली. बाळाला मारहाण केल्याचा आरोप आला, वकीलपत्र मी घेतले. मुलांवरील अत्याचाराच्या आरोपींसाठी मी आयुष्यभर उभा राहिलो. खरे-खोटे कोर्टाने ठरवायचे, आपण नाही, असे ज्युनिअरना सांगत असे. या वेळी मात्र फाइल उघडतानाच मी ठरवून टाकले होते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागवलेच नाही.

तुरुंगाच्या जाळीपलीकडून मावशी म्हणाल्या, "साहेब, मी नुसता पाय उचलला हो, लंगोट बदलायला. कट्कन आवाज आला."

"मावशी, कबूल करून टाका. शिक्षा कमी होईल."

"न केलेलं कसं कबूल करू?"

"माझं ऐका."

त्यांनी ऐकले. सहा वर्षांची शिक्षा झाली.

तिसऱ्या वर्षी त्या बाळाची आई माझ्या ऑफिसात आली. तिच्या धाकट्या मुलाच्या दंडाचे हाड तिच्याच हातात मोडले होते. तपासणीत दोन्ही भावंडांना ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार निघाला. "आम्ही काय करून बसलो हो?" ती उभ्याउभ्याच म्हणाली. मी अपील केले. सुनावणीला अकरा दिवस असताना मावशी तुरुंगाच्या दवाखान्यात न्युमोनियाने गेल्या. मुलीने अपील पुढे चालवले. कोर्टाने ते फेटाळले. कबुली स्वखुशीने दिली होती आणि वकील हजर होता, असे निकालात म्हटले आहे.

हजर होतो.

३. मुलीने घर नाकारल्यास ते विकावे आणि त्या पैशातून ज्या आरोपींची ऐपत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. ही व्यवस्था माझ्या टायपिस्टबाईंनी पाहावी. मावशींची फाइल टाइप करताना "साहेब, बाई तशी वाटत नाही," असे त्या म्हणाल्या होत्या. मी त्यांना शुद्धलेखन तपासायला सांगितले होते.

४. वकील मंडळाने शोकसभा घेऊ नये.

५. हे कलम मागाहून घातले आहे. वरचा मजकूर मी मावशींच्या मुलीला तिच्या शिवणाच्या दुकानात वाचून दाखवला. तिने मशीन न थांबवता ऐकले. मग म्हणाली, "यात आईने केलं नाही, असं कुठे लिहिलंय?"

लिहिले नव्हते. आता लिहितो: त्यांनी केले नाही.

प्रत घ्यायला ती तयार नाही.

साक्षीदार: १) धाकट्या बाळाला तपासणारे हाडांचे डॉक्टर (सही)
२) शेजारचे निवृत्त पोस्टमन (सही)

स्थळ: राहते घर, वरचा मजला
दिनांक: नऊ मार्च, दुपारी
लिहून देणार (सही)