वरजंगरावाने मोडलेला सौदा

मेहरूण, जळगाव
गुरुवार, दुपार

आदरणीय जीवरामदाजी यांना,

तोतारामचा वाकून नमस्कार. अक्काला मात्र उभ्या-उभ्याच, कारण मंगळवारी तिने माझा फोन अर्ध्यात ठेवला. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (दुखणारा डावा असेल तर डाव्याचं कळवा. रागात माणसाला बाजू आठवत नाही.) आमच्याकडे सर्व खुशाल आहे असं या जागी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे घरात चार दिवस कोणी कोणाशी धड बोललेलं नाही आणि जेवायला आम्ही जमिनीवर बसतो. त्याचं कारण पुढे येईलच. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही दोनदा ‘बरं, बरं’ म्हणता आणि माणूस गप्प होतो. तीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाचा तो गुण आहे. पत्राला तुम्ही कितीही ‘बरं, बरं’ म्हणा, ते पुढे बोलतच राहतं.

तर दाजी, तुमचा तेजस लबाड आहे. हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे. माझा सख्खा भाचा, दोन वर्षं माझ्या घरी राहतो, कॉम्प्युटरवरचं काम माझ्या माडीवर बसून करतो, लताबाई त्याला आमच्या भाविकेआधी भाकरी वाढते, आणि अशा मुलाने रविवारी भर दुपारी, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, खोटा फासा टाकून माझा माणूस मारला. माणूस म्हणजे खेळातला. पण नाव पुनाचं होतं, आणि पुना म्हणजे माझ्यासाठी कोण, हे तुम्हाला माहीत आहे. मला तेजसची माफी पाहिजे आणि पुना जिवंत पाहिजे. दोन्हीत तडजोड नाही.

तुम्हाला त्या खेळाची कल्पना नसेल, म्हणून सांगतो. दर रविवारी तेजस, माझी भाविका आणि तिची मैत्रीण प्रज्ञा (वकिली करते, गोड मुलगी आहे, पण पाणी दिलं तरी ‘कुठलं’ म्हणून विचारते) टेबलाभोवती बसतात. तेजस सूत्रधार. तो एक जग सांगतो, त्यात डोंगर, भुयारं, राक्षस आणि मंतरलेल्या वस्तू असतात. बाकीचे त्या जगात एकेक माणूस होऊन फिरतात, आणि काही अवघड करायचं असलं की वीस तोंडांचा फासा टाकतात. वीस आलं तर फत्ते, एक आला तर मेलात. माझा यात शिरकाव कानांमुळे झाला. माझे कान कसे आहेत ते तुम्ही जाणता, केळीच्या गाडीचा टायर किती घासला आहे ते मी यावलच्या वळणावर डोळे मिटून सांगतो. एका रविवारी बैठकीत पडलो होतो, तर आतून भाविकेचा आवाज आला, की म्हाताऱ्याला आधी झोपेचं औषध देऊ आणि मग पेटी उचलू. मी तसाच अनवाणी आत गेलो. म्हातारा जादूगार निघाला आणि पेटी त्याची. ती पेटीसुद्धा पेटी नव्हती, पेटीचं सोंग घेतलेलं दातवालं जनावर होतं. (यात मला नवल वाटलं नाही. असे भागीदार मी दोन पाहिले आहेत.)

मग मी शेजारी खुर्ची टाकून बसायला लागलो आणि साहजिकच चुका दाखवायला लागलो. एका भुयारात पारदर्शक लिबलिबीत चौकोन माणसं गिळत फिरतो म्हणे. मी म्हटलं, हा खरवस आहे, याला गूळ कमी पडलाय, घाबरता काय. तेजसने काढलेला नकाशा पाहिला. आठ राज्यं, चार देवळं, सतरा भुयारं, आणि आठवडे बाजार एकही नाही. मी विचारलं, या लोकांची जनावरं कोण विकत घेतं, मीठ कुठून येतं, आणि सोयरिकी कुठे जुळतात? तेजसने ते लिहून घेतलं. पुढच्या रविवारी त्याने नदीच्या वळणावर लाल शाईने बाजार काढून आणला. वळण हुबेहूब गिरणेचं, भडगावच्या अलीकडचं. मला त्या दिवशी पोरगा फार आवडला. हे रागाच्या पत्रात बसत नाही, पण लिहिलं गेलं, राहू द्या. शेवटी मला गप्प करायचा एकच उपाय म्हणून त्यांनी मलाच एक माणूस दिला. तलवारवाला घ्या म्हणाले, मंत्रवाला घ्या म्हणाले. मी म्हटलं, दलाल घेतो, ढोरबाजारातला, आणि नाव पुना.

पुनाबद्दल दोन ओळी. मी बारा वर्षांचा असताना भडगावच्या बाजारात त्याच्या हाताखाली चाऱ्याच्या पेंढ्या वाहायचो. आज माझ्याकडे केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत, चार गाड्या आहेत, पण व्यवहार जो काही येतो तो त्या माणसाचा आहे. पुना सौदा करायचा तो फडक्याखाली. दोघांनी हात पुढे करायचे, वर पंचा टाकायचा, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन. भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि एकालाही कळत नाही. पसंत असेल तर तळवा दाबायचा, सौदा झाला. त्याचं एक बोलणं होतं, ‘फडक्याखालचं फडक्याखालीच राहते, भो.’ दुसरंही एक होतं, ते आत्ता नको. त्याची बैल टोचायची पराणी आजही माझ्या बैठकीत भिंतीवर आहे, आणि लताबाईने दिवाळीलासुद्धा तिला हात लावलेला मला चालत नाही.

आता गुन्हा सांगतो. पाच महिने खेळून आम्ही त्या जगातल्या सर्वांत मोठ्या ड्रॅगनच्या दारात पोचलो. तेजसने त्याला असं नाव दिलं आहे की उच्चारताना कवळी निसटते. मी त्याला वरजंगराव म्हणतो. भुयाराच्या पलीकडे चाळीस गावांची माणसं अडकलेली, आणि हा आडवा पडलेला. पोरी लढायचं म्हणाल्या. मी म्हटलं, लढणं हे भाव न जमल्यावर करायचं काम आहे, आधी बोलू. वरजंगराव (म्हणजे तेजस, घोगरा आवाज काढून) म्हणाला, तुमच्याजवळच्या तीन मंतरलेल्या वस्तूंपैकी एक द्या आणि जा. आमच्या वस्तूंची यादी भिंतीवर चिकटवलेली होती. पहिली, माझ्या पुनाची पराणी, जी टोचली की कुठलंही जनावर खरं बोलतं. दुसरी, प्रज्ञाची गोफण, जिचा दगड परत हातात येतो. तिसरी, भाविकेची पिशवी, जिला तळच नाही. (आख्खी गाडीभर केळी मावतील अशी पिशवी, आणि ही मुलगी तिच्यात दोरखंड ठेवते.) ती पिशवी तिने पहिल्याच महिन्यात जीव धोक्यात घालून मिळवली होती, आणि कौतुकाने तिचं चित्र काढून पाकिटात ठेवलं होतं.

मी उठलो, कपाटातून पंचा आणला, आणि तेजसला म्हटलं, तुझ्या ड्रॅगनला हात पुढे करायला सांग. प्रज्ञा म्हणाली, ‘काका, ड्रॅगनला बोटं तीनच असतात, सौदा वैध धरायचा का?’ मी म्हटलं, ताई, तू तुझ्या कोर्टात बघ. पंचा टाकला. मी बोटं दाबली. काय दाबलं ते विचारू नका, ते फडक्याखालचं आहे. तेजसने माझ्याकडे पाहिलं आणि तळवा दाबला. दाजी, माझ्या तळहाताने ते ओळखलं. चाळीस वर्षांत हा हात चुकलेला नाही. भाविकेला वाटलं की बापाने जिवापाड जपलेली पराणी देऊन टाकली, तिचे डोळे भरून आले, आणि ती टाळ्या वाजवायला लागली.

आणि मग तुमचे चिरंजीव म्हणाले, ‘मामा, तरी एकदा फासा टाकावा लागेल. ड्रॅगनच्या मनात काय आहे ते बघायला.’ त्याच्यापुढे लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांचा आडोसा असतो, फासा तो त्याच्यामागे टाकतो. मी कान दिला. दाजी, फासा टाकला की टेबलावर टकटकत घरंगळतो आणि थांबताना एकदा डुलतो. मी पाच महिने तो आवाज ऐकतो आहे. रविवारी एकच आवाज आला, ‘टक्’. फासा टाकला नव्हता, ठेवला होता. आणि तेजस खाली बघून म्हणाला, ‘एक. वरजंगरावाने सौदा मोडला. त्याने पुनाला गिळलं.’

झालेला सौदा मोडला. पुनाचा. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, तू फासा ठेवलास, तू लबाड आहेस, तुझ्यापेक्षा तो पेटीवाला राक्षस बरा. प्रज्ञाने ‘पुरावा काय, काका’ एवढं विचारून पाहिलं.  तेजसने पंचा उचलला, घडी घातली, माझ्या हातात दिला, पाठपिशवी खांद्याला लावली आणि तुमच्या धुळ्याची बस धरली. तेव्हापासून भाविकाही त्याचा फोन घेत नाही. बापाने एवढा त्याग केला आणि याने फसवलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, काल पोस्टमनलाही सांगितलं. नकाशा, आडोसा, यादी, सगळं टेबलावर तसंच आहे, मी कोणाला हात लावू देत नाही. लताबाई म्हणते, ‘उचला हे बिऱ्हाड, नाहीतं मी याच्यावरच वांगे चिरते.’ अक्काला विचारलं पोरगा कसा आहे, तर ती म्हणाली, ‘बठ्ठं बरं शे, बाकी माले इचारू नको.’ (म्हणजे सगळं बरं आहे. पण अक्का अहिराणीत शिरली की ती रागावली, हे मी समजून आहे.)

तेव्हा तुम्ही बाप आहात आणि हेडमास्तर आहात. त्याला समोर उभं करा, आणि खोटा फासा का ठेवला ते लेखी घ्या. सहीनिशी पाठवा. त्याशिवाय त्याने मेहरूणला पाऊल टाकायचं नाही.

कळावे, पण नीट कळावे.

आपला मेहुणा, आणि सध्या तरी फक्त तुमचाच,
तोताराम

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. लेखी नको. तोंडीही नको. त्याला हे पत्र वाचायला देऊ नका आणि रागावू तर अजिबात नका. नुसतं रविवारी सकाळच्या बसने पाठवून द्या. पाऊल टाकायचं नाही असं वर लिहिलं आहे, ते मी भाड्याच्या खोलीबद्दल वगैरे लिहिलं असेल असं समजा.

ता. क. दुसरा. कारण मागाल, म्हणून सांगतो, फक्त तुम्हाला. पत्र पाकिटात घालून पंचा कपाटात ठेवायला गेलो. चार दिवस तो तसाच खुर्चीवर होता. घडी पाहिली. चौपदरी, आणि एक टोक आत मुडपलेलं. दाजी, ही घडी पुनाची. विकणारा चुकला आहे असं कळलं की पुना सौदा मोडायचा, दोष स्वतःवर घ्यायचा, लोकांच्या शिव्या खायचा, आणि पंचा अशी घडी घालून त्या माणसाच्या हातात द्यायचा. म्हणजे तुझं मला कळलं, बाकी कोणाला कळणार नाही. तेजस सात वर्षांचा असताना मे महिन्यात मीच त्याला खांद्यावर बसवून भडगावला नेलं होतं आणि बोटांची भाषा शिकवली होती, ही घडीही दाखवली होती. घडीचं मी विसरलो. तो विसरला नव्हता. मी तीन बोटं दाबली होती, म्हणजे यादीतली तिसरी वस्तू, भाविकेची पिशवी. पराणी माझ्याने देववली नाही, दाजी, खेळातलीसुद्धा. आणि पुनाचं ते दुसरं बोलणं असं होतं, ‘दुसऱ्याचं ढोर इकू नये, भो.’

ता. क. तिसरा आणि शेवटचा. भाविकेला हे मी टेबलापलीकडून तोंडाने सांगू शकेन असं वाटत नाही. चार दिवस प्रयत्न केला, वांग्याच्या भावावर बोलून उठलो. पण पुनाला गिळलं तेव्हा पराणी त्याच्या हातातच होती, म्हणजे तीही ड्रॅगनच्या पोटात आहे, आणि ती टोचली की जनावर खरं बोलतं. तेजसला एवढाच निरोप द्या, की मामा रविवारी आतून टोचणार आहे. वरजंगरावाने मग सगळ्यांसमोर काय ते बोलावं, मला राखू नये. आणि फासा त्याने टाकावाच असं नाही. ठेवला तरी चालेल.