तिसऱ्या होडीत बसण्याआधी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा व्यवसाय क्रेन चालवणे, आज शनिवारी सकाळी चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कारण लपवत नाही. उद्या मी माझ्या अकरा वर्षांच्या नातीने बांधलेल्या होडीत बसून तळे ओलांडणार आहे. ही तिची तिसरी होडी. आधीच्या दोन बुडाल्या. काल जेवताना मुलगा म्हणाला, "आई, त्या होडीत बसायचंच असेल तर आधी मृत्युपत्र करून ठेव." तो रागाने बोलला, पण सल्ला चांगला होता.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व सज्जा, माझ्या स्वकष्टार्जित कमाईतून घेतलेले आहे. माझ्या पश्चात ते आणि बँकेतील ठेव सून व मुलगा यांना समसमान मिळावी. सुनेचे नाव आधी लिहावे. होडीच्या फटी बुजवायला तिने गुपचूप दोन पोती उसवून सुतळी दिली, हे मला माहीत आहे.

२. तळमजल्यावरची पत्र्याची खोली, जिथे मुलाची स्कूटर उभी असते, ती फक्त नातीची. दिवसभर ठकठक चालू असते म्हणून घरात तिला सुतारपक्षी म्हणतात. ती सज्ञान होईपर्यंत खोली तिच्या आईने सांभाळावी. तिथे तिने होडी बांधावी, कपाट बांधावे किंवा सगळे सोडून ढोल वाजवावा. "हे काय खूळ" असे कोणी म्हणू नये. म्हणायचेच असेल तर गल्लीच्या टोकाला जाऊन म्हणावे.

३. माझे पिवळे हेल्मेट आमच्या जुन्या मुकादमाला द्यावे. मी नऊ वर्षांची असताना आईबरोबर बांधकामावर जात असे. आई घमेली वाहायची आणि मी विटांच्या सावलीत बसून क्रेनच्या केबिनकडे बघायची. एक माणूस तिथे बसून अख्खी लोखंडी तुळई उचलायचा. मला तिथेच बसायचे होते. सोळाव्या वर्षी मीही घमेले उचलले आणि मुकादमाला विचारले, वर बसायला काय करावे लागते? तो म्हणाला, "आधी पुरुष व्हावं लागतं." सगळे हसले. मीही हसले, कारण आमचे पोट त्याच्या हातात होते.

सव्विसाव्या वर्षी परवान्याच्या परीक्षेला बसले. चार वेळा नापास झाले. पाचव्यांदा पास झाले आणि त्याच महिन्यात इस्पितळाच्या गच्चीवर पाण्याची टाकी चढवली. गच्चीवर उभा राहून मुकादम हाताने खुणा करत होता आणि त्याप्रमाणे मी टाकी इंचाइंचाने खाली घेत होते. टाकी जागेवर बसली तेव्हा त्याने डोक्यावरचे हेल्मेट काढून हातात धरले. पुढे तेवीस वर्षे मी ती खुर्ची सोडली नाही. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार शिल्लक नाही, एक सोडून. तो अजूनही लोकांना सांगतो की मला त्याने शिकवले. हे धादांत खोटे आहे.

४. मला कोणी शिकवले ते येथे नोंदवते. हात माझे पहिल्यापासून चांगले होते. नापास व्हायचे ते वजनाचा तक्ता वाचता येत नसे म्हणून; मला अक्षरओळखच नव्हती. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, पहिलीत. संध्याकाळी मी हाताचे सिमेंट धुऊन येईपर्यंत तो पाटी मांडून बसलेला असे. माझे चुकले की पुसायचा आणि म्हणायचा, "आई, पुन्हा काढ." चौथ्यांदा नापास होऊन आले त्या दिवशी मी त्याला म्हणाले, "बाळा, मला नाही जमायचं." त्याने विचार करून विचारले, "पण कालपेक्षा आज जास्त येतंय ना?" मी पाटी ओढून पुन्हा बसले.

ती पाटी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. ती मुलाला द्यावी. बाळा, तू आता कचेरीत बसतोस, लेकीचे हात स्वच्छ राहावेत असे तुला वाटते. बापाला वाटणारच. पण दुसरी होडी बुडाल्यावर पोर चिखलाने माखून घरी आली आणि "मला नाही जमत" म्हणाली, तेव्हा तू म्हणालास, "सांगत नव्हतो?" सहा वर्षांचा होतास तेव्हा यापेक्षा शहाणा होतास.

५. करवत, रंधा आणि पटाशी नातीची. सुतारपक्ष्या, तुझी पहिली होडी काठालाच बुडाली. दुसरी तळ्याच्या मध्यापर्यंत गेली. रडण्याच्या नादात तुझ्या ते लक्षात आले नसेल, म्हणून कायद्याच्या कागदावर लिहून ठेवते: मध्यापर्यंत गेली. उद्या बुडालोच तर पाणी छातीभर आहे आणि आपल्या दोघींना पोहता येते. सोमवारी चौथी बांधायला घे. होड्यांचा कंटाळा आला तर खुशाल सोड. बुडाली म्हणून मात्र सोडू नकोस.

ठिकाण: राहते घर. दिनांक: ७ मार्च, शनिवार.
सही: (लिहून देणार)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. शेजारचे सुतार. (सही)
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. (सही) बाईंची बुद्धी शाबूत आहे. होडीविषयी मला काही विचारलेले नाही.

पुरवणी, ८ मार्च, रविवार दुपार

वरील सर्व कायम. मी हयात आहे.

तळे ओलांडले. मी पुढे बसले होते, सुतारपक्षी मागे वल्हे घेऊन. मध्यावर आल्यावर तिने वल्हवणे थांबवले आणि फळ्यांच्या सांध्यांवरून बोटे फिरवली. "आजी, कोरडं आहे," ती हळूच म्हणाली. मग जी सुटली ती थेट पलीकडे.

मुलगा तळ्याला वळसा घालून आमच्या आधीच तिथे पोहोचला होता, पँट गुडघ्यापर्यंत वर, बूट हातात, धापा टाकत. त्याने होडी काठावर ओढली, तळाची प्रत्येक फळी दाबून पाहिली. मग लेकीला म्हणाला, "परत जाताना मी बसू?"

तिने त्याला नखशिखान्त न्याहाळले. "बाबा, तुमचं वजन किती?"

त्याने सांगितले. तिने मनाशी काहीतरी बेरीज केली आणि म्हणाली, "बसा. पण हलायचं नाही."

मी काठाकाठाने चालत निघाले. अर्ध्या वाटेवर वळून पाहिले, तर होडी संथ पुढे सरकत होती, वल्हे मुलाच्या हातात होते आणि ते कसे धरायचे हे सुतारपक्षी त्याला शिकवत होती.

सही: (लिहून देणार)
साक्षीदार: तेच दोघे, काठावर हजर. (सह्या)