पाण्याची नळी आणि सोंबामामाची डुकरं

४ जुलै
यंत्र आलं! जेवणाच्या डब्याएवढं. डुकराला सुती दोर चघळायला द्यायचा, लाळ पिळून नळीत, नळी यंत्रात — तासाभरात कळतं, डुक्करताप आहे की नाही. नमुने मकासारच्या प्रयोगशाळेला पाठवून वाट बघत बसणं संपलं. मागच्या साथीत उत्तर येईतो अर्ध्या गावाचे गोठे रिकामे झाले होते.

आई म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर, आणि डुकरांची थुंकी पिळते." मग शेजारणीला हाक मारून यंत्र तिनेच दाखवलं.

७ जुलै
आजोबांच्या अंत्यविधीची तारीख ठरली — ऑगस्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांचा श्वास थांबला, तेव्हापासून ते मागच्या खोलीत निजून आहेत. विधी होईपर्यंत आमच्याकडे माणूस मेलेला नसतो, आजारी असतो. आई त्यांना रोज गावच्या बातम्या देते. यंत्राचीही दिली म्हणे.

पाहुणे गावोगावहून विधीत कापायला डुकरं आणणार. साथ निघाली तर सगळं बंद, आजोबा तसेच. म्हणून आधी एकेक गोठा तपासायचा.

१२ जुलै
सुरुवात सोंबामामाकडे. "दात घासतेस का गं माझ्या डुकरांचे? मग तुझ्या मामीचेही घास." मामीने आतून काहीतरी भिरकावलं. दुपारी अंगणातच आईने दिलेला डबा खाल्ला — बांबूत शिजवलेलं डुकराचं मांस. बोटं चाटली आणि लगेच कामाला लागले.

सगळी पॉझिटिव्ह.

मामा एवढंच म्हणाला, "सगळीच मारायची?"

१३ जुलै
दर वेळी एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची असते. काल घाईत ती बघायची राहिली. आज बघितली — तीही पॉझिटिव्ह. पाण्याला कसला ताप? चूक माझी!

पळत मामाकडे. हात घासून, नवे हातमोजे, नवे दोर. सगळी निगेटिव्ह. मामा म्हणाला, "पदवी शिकून घेतलीस, की कोंबडी देऊन?" अख्खं अंगण हसलं. मी सगळ्यांत जास्त.

१४ जुलै
मग पाण्याच्या नळीत विषाणूचं काही आलं कुठून? मामाच्या डुकरांत नव्हतं. माझ्या बोटांवर होतं. मांस शिजलं तरी विषाणूच्या खुणा उरतात, यंत्राला दिसतात. आपल्याला खाऊन काही होत नाही, म्हणून कळतही नाही.

आईला विचारलं, डब्यातलं मांस कुठलं?

"आपलीच तांबडी डुकरीण. खाण्याला तोंड लावेना, म्हणून मरायच्या आत कापली. टाकून द्यायची होती का?"

इथे सगळे हेच करतात. मी तेच खाऊन मोठी झाले.

१५ जुलै
आमच्या गोठ्यातली उरलेली सगळी पॉझिटिव्ह. या वेळी पाण्याची नळी स्वच्छ.

गावप्रमुखाला सांगून आले. गोठा बंद करायला फाटकाला दोर बांधत होते, तेव्हा मागच्या खोलीतून आईचा आवाज आला, "बाबा, अजून थोडे दिवस आजारीच राहा. तुमची नातच अडवतेय."